क्लासिक कार रिस्टोरेशन: क्लबवाले मिळून जुनी गाडी कशी उभी करतात आणि त्यातून मदतनिधी कसा जमतो?

यूट्यूबवर किंवा इन्स्टाग्रामवर असे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. गोठ्यात किंवा शेडमध्ये वीस वर्षं पडून असलेली गाडी बाहेर काढतात. टायर बसलेले, पत्रा गंजलेला, सीटमध्ये उंदरांनी घर केलेलं. तीस सेकंदांत तीच गाडी चकचकीत होऊन रस्त्यावर धावते. त्या तीस सेकंदांच्या आत मात्र एक-दोन वर्षांचे शनिवार-रविवार, बरेच पैसे आणि बऱ्याच माणसांची मेहनत दडलेली असते.

यातली काही कामं कुणा एका मालकासाठी केलेली नसतात. कार क्लबचे सदस्य एकत्र येऊन, पगार न घेता गाडी दुरुस्त करतात आणि ती विकून, लिलावात काढून किंवा तिच्यावर सोडत काढून मिळालेले पैसे एखाद्या रुग्णालयाच्या निधीला किंवा मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला देतात. ही पद्धत ब्रिटन आणि अमेरिकेत चांगली रुजली आहे. हे काम कसं चालतं, त्यात कोणतं तंत्र लागतं, पैशांचं गणित काय असतं आणि आपल्याकडे असं काही करायचं तर कायदा काय सांगतो, हे या लेखात समजून घेऊया.

आधी काही शब्द स्पष्ट करू

जुनी म्हणजे सगळीच गाडी ‘विंटेज’ नसते. बोलताना आपण हे शब्द एकमेकांत मिसळतो, पण त्यांचे अर्थ वेगळे आहेत.

- ऐतिहासिक वाहन: जगभरातल्या जुन्या वाहनांच्या क्लबांची शिखर संघटना ‘फिवा’ १९६६ साली स्थापन झाली. तिच्या व्याख्येनुसार गाडी किमान ३० वर्षं जुनी हवी, मूळ रूपाला धरून जपलेली हवी आणि रोजच्या ये-जा करण्यासाठी वापरात नसावी.
- विंटेज: भारतात हा शब्द आता कायद्यातही आहे. ५० वर्षांहून जुनी, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते. याबद्दल पुढे सविस्तर येईलच.
- रिस्टोरेशन: गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा जशी होती, शक्य तितकी तशी परत करणे.
- रेस्टोमॉड: बाहेरून जुनी, आतून नवी. म्हणजे बॉडी १९६५ ची, पण इंजिन, ब्रेक आणि एसी आजचे.
- जतन: गाडी फार न उकलता, जुना रंग आणि ओरखडे तसेच ठेवून ती चालू स्थितीत राखणे.

फिवाने २०१२ मध्ये ‘ट्युरिन चार्टर’ नावाची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. मूळ भाग जितका वाचवता येईल तितका वाचवा आणि जे बदलाल त्याची नोंद ठेवा, असा त्यांचा गाभा आहे. मदतनिधीसाठी केलेल्या गाडीत या नोंदीला जास्तच महत्त्व येतं. कारण गाडी शेवटी अशा माणसाकडे जाणार असते, ज्याने ती उघडलेली कधीच पाहिलेली नसते.

कार क्लब म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे कार क्लब म्हटलं की रविवारी सकाळी एकत्र निघणाऱ्या गाड्या आणि नंतरची मिसळ आठवते. ब्रिटनमध्ये हे क्लब त्यापेक्षा बरंच जास्त काम करतात. एमजी कार क्लब १९३० पासून चालू आहे. अशा शेकडो क्लबांची मिळून एक राष्ट्रीय संघटना १९८८ मध्ये तयार झाली आणि ती जुन्या गाड्यांबाबत सरकारशी बोलणी करते.

एकाच मॉडेलला वाहिलेल्या क्लबकडे त्या गाडीचं ज्ञान साठलेलं असतं. कारखाना बंद पडला, कंपनी विकली गेली, तरी कोणत्या वर्षी कोणता बोल्ट बदलला हे सांगणारा माणूस क्लबमध्ये सापडतो. मूळ वर्कशॉप मॅन्युअल, पार्ट नंबरच्या याद्या आणि जुनी अवजारं क्लब सांभाळतात. काही क्लब तर बाजारातून नाहीसे झालेले स्पेअर पुन्हा बनवूनही घेतात.

मदतनिधीशी त्यांचं नातंही जुनं आहे. ‘द इटालियन जॉब’ हा मिनी गाड्यांच्या पाठलागामुळे गाजलेला सिनेमा १९६९ चा. त्याच नावाने १९९० पासून मिनीप्रेमी मंडळी इटलीला गाड्या घेऊन जातात आणि बटल यूके या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेसाठी पैसे उभे करतात. गाडी चालवून निधी जमवणं ही एक रीत झाली. गाडी उभी करून निधी जमवणं ही त्याच्या पुढची आणि बरीच अवघड रीत.

उदाहरणासाठी मिनीच का?

काम समजायला एक ठोस गाडी समोर ठेवू. जुनी ब्रिटिश मिनी यासाठी उत्तम आहे. ती लहान आहे, तिचे स्पेअर मिळतात आणि तिची रचना समजायला सोपी आहे.

१९५६ मध्ये सुएझ कालव्याचा पेच निर्माण झाला आणि ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग करावं लागलं. कमी पेट्रोल पिणारी छोटी गाडी हवी होती. अभियंता अॅलेक इसिगोनिस यांनी ती आखली आणि २६ ऑगस्ट १९५९ रोजी मिनी बाजारात आली. लांबी सुमारे ३ मीटर, चाकं १० इंचांची, इंजिन ८४८ सीसी. इंजिन आडवं बसवलं, गिअरबॉक्स त्याच्याच खाली तेलाच्या टाकीत घातला आणि पुढच्या चाकांना ताकद दिली. त्यामुळे एवढ्याशा गाडीत चार माणसं बसू लागली. स्प्रिंगच्या जागी रबराचे शंकू वापरले. ती कल्पना अॅलेक्स मोल्टन यांची. मिनीने १९६४, १९६५ आणि १९६७ मध्ये माँटे कार्लो रॅली जिंकली. ४ ऑक्टोबर २००० रोजी उत्पादन थांबलं, तोवर ५३ लाखांहून जास्त गाड्या बनल्या होत्या.

म्हणजे ही गाडी दुर्मिळ नाही. पण हिला एक मोठा शत्रू आहे: गंज.

काम कसं चालतं? सात टप्पे

१. गाडी मिळवणे आणि कागद तपासणे

बहुतेक वेळा गाडी कुणीतरी देणगी म्हणून देतं. ‘आजोबांची गाडी होती, भंगारात घालवत नाही’ हे वाक्य जगात सगळीकडे सारखंच. इथे पहिलं काम मालकी तपासण्याचं. चॅसिस नंबर, इंजिन नंबर आणि कागदावरचे नंबर जुळले पाहिजेत. ब्रिटिश मोटर म्युझियमकडे अनेक ब्रिटिश गाड्यांच्या कारखान्यातल्या नोंदी आहेत. चॅसिस नंबर दिला की गाडी कधी बनली, मूळ रंग कोणता होता, असा तपशील असलेलं प्रमाणपत्र मिळतं. मूळ रंग पांढरा की हिरवा, हा वाद तिथेच मिटतो.

२. पाहणी आणि अंदाजपत्रक

गाडी उंच करून खालून बघतात. मिनीमध्ये नेहमी गंजणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत: दारांखालच्या पट्ट्या म्हणजे सिल, मागच्या सीटसमोरचा उभा पत्रा, डिकीतला बॅटरीचा कप्पा आणि मागची सबफ्रेम. जुन्या काळी काही गॅरेजवाले गंजलेल्या सिलवर दुसरी रुंद पट्टी वेल्ड करून टाकत. वरून छान दिसे, आत गंज खात राही. म्हणून अनुभवी माणूस चकाकी बघत नाही. तो छोट्या हातोडीने टक-टक करतो आणि लोहचुंबक फिरवतो. चुंबक चिकटला नाही की त्या जागी पत्र्याऐवजी पुट्टी भरलेली आहे हे कळतं.

३. गाडी उघडणे

हा टप्पा सगळ्यांना सोपा आणि मजेदार वाटतो, पण प्रकल्प फसतात ते इथेच. दोन रविवारी गाडी पूर्ण सुटी होते आणि आठ महिन्यांनी कोणता बोल्ट कुठला ते कुणालाच आठवत नाही. त्यामुळे नियम साधा: प्रत्येक भाग पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी आणि काढण्याआधी फोटो.

४. पत्रा आणि वेल्डिंग

गंजलेला पत्रा कापून नवा जोडायचा. मिनीला वेगळी चॅसिस नाही, बॉडी हाच तिचा सांगाडा आहे. एकदम सगळ्या बाजूंनी पत्रे कापले तर सांगाडा वाकतो आणि मग दारं लागत नाहीत. म्हणून आतून आधार लावून एकेक बाजू करतात. सांगाडाच गेला असेल, तर ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी मिनीची नवी बॉडी बनवून देते. पण तेव्हा प्रश्न उभा राहतो की नव्या बॉडीत जुने भाग घातल्यावर ही ‘तीच’ गाडी म्हणायची का? नोंदणी खात्याला आणि घेणाऱ्याला ते खरं सांगणं गरजेचं असतं.

५. इंजिन, गिअर, ब्रेक

इंजिन खोलून पिस्टन, बेअरिंग आणि व्हॉल्व्ह तपासतात. मिनीत इंजिन आणि गिअरबॉक्सला एकच ऑइल असतं, म्हणून गिअरमधून सुटलेला लोखंडाचा बारीक चुराही त्याच तेलात फिरतो. ऑइल वेळेवर बदललं नसेल तर दोन्हीचं काम निघतं.

इथे पेट्रोलचा विषयही येतो. जुनी इंजिनं शिसं घातलेल्या पेट्रोलसाठी बनली होती. ते शिसं व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या जागेची झीज कमी करायचं. ब्रिटनमध्ये आणि भारतातही २००० पासून सर्वसाधारणपणे शिसेविरहित पेट्रोलच मिळू लागलं. त्यामुळे इंजिन उघडलेलंच असताना तिथे कडक धातूच्या रिंगा बसवून घेतात. ब्रेकमध्ये मात्र काटकसर नाही: सिलिंडर, होस, लायनर, फ्लुइड सगळं नवं.

६. वायरिंग, रंग, सीट

साठ वर्षांपूर्वीच्या वायरचं आवरण कडक होऊन तडकतं. शॉर्ट सर्किट झालं तर सगळ्यांची मेहनत आगीत जाते. म्हणून पूर्ण वायरिंग हार्नेस बदलणं शहाणपणाचं. रंगाचं काम सहसा पगारी पेंटरकडे देतात, कारण चांगला स्प्रे बूथ क्लबकडे नसतो. सीटची शिलाई मात्र क्लबातल्या एखाद्या सदस्याच्या घरी, शिलाई मशीनवरही होते.

७. जुळणी आणि चाचणी

टॅपेट सेट करणे, पॉइंटचा गॅप लावणे, कार्बोरेटर ट्यून करणे. या गाडीत कॉम्प्युटर नाही, त्यामुळे स्कॅनर लावून बिघाड कळत नाही. कान, नाक आणि फीलर गेज हीच साधनं. शेवटी शेकडो किलोमीटर चालवून, पुन्हा सगळे नट तपासूनच गाडी ‘तयार’ म्हणतात.

काम वाटतात कसं?

वीस माणसं एका छोट्या गाडीवर एकदम काम करू शकत नाहीत. म्हणून भाग वाटले जातात. एक गट इंजिन घरी नेतो, दुसरा सबफ्रेम घासून रंगवतो, तिसरा मीटर आणि दिव्यांचं बघतो. दोन-तीन क्लब एकत्र आले तर ज्याचा हात ज्यात बसलाय ते काम त्याला.

पण दोन गोष्टी कधीच ‘सगळ्यांच्या’ नसतात. एक म्हणजे ब्रेक-स्टीअरिंग. तिथे काम कुणीही करो, तपासून सही करणारा माणूस एकच आणि तो त्यातला जाणकार हवा. दुसरी म्हणजे हिशोब. सामायिक कामात ‘मला वाटलं तू घट्ट केलास’ हे वाक्य सगळ्यात धोकादायक असतं. म्हणून प्रत्येक कामापुढे करणाऱ्याचं नाव, तपासणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहितात.

तुमचा फोन इथे काय काम करतो?

गाडी जुनी असली तरी तिच्याभोवतीचं काम आता फोनवरच चालतं. हे तुम्हाला घरच्या जुन्या स्कूटरवरही वापरता येईल.

- फोटो: भाग काढण्याआधी तीन फोटो: लांबून, जवळून आणि शेजारी मोजपट्टी ठेवून. फोटोला तारीख-वेळ आपोआप जोडलेली असते, ती पुरावा म्हणून कामी येते.
- शेअर्ड शीट: सगळ्यांना उघडता येईल अशी एकच ऑनलाइन यादी. भाग, किंमत, बिल, कुणाकडे आहे, झालं की नाही. व्हॉट्सअॅप ग्रुपवर माहिती वाहून जाते, म्हणून ग्रुप गप्पांसाठी आणि शीट कामासाठी.
- क्यूआर चिठ्ठ्या: पिशवीवर क्यूआर लावला की स्कॅन करून त्या भागाचे फोटो थेट उघडतात.
- एंडोस्कोप कॅमेरा: फोनला जोडायची बारीक कॅमेऱ्याची वायर. सिलच्या आतला गंज पत्रा न कापता दिसतो.
- स्लो मोशन आणि ऑडिओ: हलणारा पट्टा, थरथरणारी पुली स्लो मोशनमध्ये स्पष्ट दिसते. इंजिनाचा आवाज रेकॉर्ड करून दुसऱ्या गावातल्या जुन्या मेकॅनिकला पाठवता येतो.

एक सावधगिरी. सुरुवातीच्या मिनीसह त्या काळातल्या अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. आजच्या गाड्यांत निगेटिव्ह टोक जोडतात. अशा गाडीत आजचा फोन चार्जर तसाच लावला तर चार्जर जळू शकतो, शॉर्टही होऊ शकतो. आधी बॅटरीची जोडणी बघा, मगच काही लावा.

जुन्या गाडीतले न दिसणारे धोके

स्वयंसेवक म्हणून कुणी गेलं तर हे माहीत असलंच पाहिजे:

- जुन्या ब्रेक लायनर आणि क्लच प्लेटमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. त्याची धूळ फुप्फुसांत गेली तर कित्येक वर्षांनी कर्करोग होऊ शकतो. हवेच्या प्रेशरने ड्रम साफ करू नका.
- जुन्या रंगात शिसं असू शकतं. कोरडा पॉलिश पेपर मारू नका. पाणी लावून घासा आणि योग्य मास्क वापरा.
- फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. स्टँड लावल्याशिवाय नाहीच.
- वेल्डिंगआधी पेट्रोलची टाकी काढून लांब ठेवा. रिकाम्या टाकीत वाफ असते आणि तीच पेटते.

पैसे येतात कुठून, जातात कुठे?

आता मुख्य मुद्दा. गणित समजायला एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, गाडी देणगीत मिळाली. स्पेअर आणि रंगाला ६,००० पौंड लागले. विमा, जागा, वीज यांना १,५०० पौंड. गाडी ११,००० पौंडांना गेली. संस्थेच्या हाती ३,५०० पौंड आले.

आता समजा २० जणांनी ६० शनिवार प्रत्येकी ५ तास काम केलं. हे ६,००० तास झाले. त्यांची मजुरी लावली असती तर प्रकल्प कधीच तोट्यात गेला असता. म्हणजे इथे खरी देणगी वेळेची आहे. कुणी असंही विचारेल की मग सगळ्यांनी थेट पैसेच का नाही दिले? प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की काम चालू असताना प्रदर्शनांत, शाळांत गाडी दाखवून वेगळी देणगी जमते, कंपन्या स्पेअर फुकट देतात आणि तरुण पोरं वेल्डिंग शिकतात. ज्या प्रकल्पात यातलं काहीच होत नाही, तिथे थेट पैसे देणं खरंच बरं.

निधी उभा करण्याच्या मुख्य पद्धती तीन:

लिलाव किंवा विक्री. सगळ्यात सरळ. किंमत उघड, हिशोब सोपा.

सोडत म्हणजे रॅफल. तिकिटं विकायची आणि एकाला गाडी. ब्रिटनमध्ये यावर २००५ चा जुगार कायदा लागू होतो. छोट्या संस्थेला स्थानिक कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. एका सोडतीत २०,००० पौंडांपर्यंत आणि वर्षात २,५०,००० पौंडांपर्यंतच तिकिटं विकता येतात, बक्षीस २५,००० पौंडांहून मोठं ठेवता येत नाही आणि जमा रकमेतला किमान २० टक्के भाग त्या सामाजिक कामाला जावा लागतो. हा २० टक्क्यांचा आकडा लक्षात ठेवा. ‘चॅरिटीसाठी’ लिहिलेल्या तिकिटाचे सगळे पैसे चॅरिटीलाच जातात असं नाही, म्हणून किती टक्के जाणार हे विचारायचा हक्क घेणाऱ्याला आहे.

प्रायोजक आणि देणग्या. ब्रिटनमध्ये करदात्याने दिलेल्या प्रत्येक १ पौंड देणगीवर संस्थेला सरकारकडून आणखी २५ पेन्स मिळवता येतात. याला ‘गिफ्ट एड’ म्हणतात. रॅफलच्या तिकिटाला मात्र ही सवलत नाही, कारण तिथे तुम्ही बक्षिसाची संधी विकत घेता.

गाडी दिली, जबाबदारी संपली का?

ब्रिटनमध्ये २०१८ पासून ४० वर्षांहून जुन्या आणि मोठे बदल न केलेल्या बहुतेक गाड्यांना वार्षिक तंदुरुस्ती तपासणीतून सूट आहे. म्हणजे क्लबने उभी केलेली मिनी कुठलीही तपासणी न करता कायदेशीरपणे रस्त्यावर येऊ शकते. पण गाडी जिंकणारा कदाचित एअरबॅग आणि एबीएस असलेल्या गाडीवरच शिकलेला असेल. सुरुवातीच्या मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि ब्रेकचं सर्किट एकच आहे. एक पाइप फुटला तर सगळ्या चाकांचा पायब्रेक जातो.

म्हणून जबाबदार क्लब सूट असली तरी स्वखुशीने तपासणी करून घेतात, कामाची पूर्ण फाइल गाडीसोबत देतात आणि नव्या मालकाला गाडी चालवायला शिकवतात. जमलेला निधी कितीही मोठा असला, तरी पहिल्याच महिन्यात ब्रेक गेले तर त्या निधीचं कौतुक कुणी करणार नाही.

महाराष्ट्रात असं करायचं ठरवलं तर?

गाडी शोधायला लांब जायची गरज नाही. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली. कुर्ल्याच्या कारखान्यात फिएट ११०० आणि पुढे प्रीमियर पद्मिनी तयार झाली. १०८९ सीसीचं साधं इंजिन, स्टीअरिंगजवळचा गिअर, कार्बोरेटर आणि पॉइंट. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून निवृत्त झाली. तिची नस ओळखणारे मेकॅनिक अजून आहेत, आणि त्यांच्याकडून शिकायची वेळ हीच आहे. पण चार गोष्टी आधी बघा.

१. मालकी. गाडी देणाऱ्याच्या नावावर आरसी आहे का? मूळ मालक वारले असतील तर आधी वारसाच्या नावावर करून घ्या. जुनी नोंद ऑनलाइन सापडली नाही तर आरटीओत जावं लागेल. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात.

२. विंटेज नोंदणी. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मोठे बदल न केलेल्या खासगी गाडीला ‘व्हीए’ अक्षरं असलेला खास नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं आणि नूतनीकरणाला ५,००० रुपये. ही गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणं आणि दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते. व्यावसायिक वापर चालत नाही.

३. सोडत नको. आपल्याकडे सरकारने चालवलेली किंवा अधिकृत केलेली नसेल अशी लॉटरी गुन्हा ठरते. ‘१०० रुपयांचं कूपन घ्या, गाडी जिंका’ ही कल्पना हेतू चांगला असला तरी अडचणीत आणू शकते. खुला लिलाव किंवा सरळ देणगी हा सुरक्षित मार्ग.

४. पेट्रोल. आता पंपांवर २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल आलं आहे. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि जुने रबरी पाइप, सील खराब करतं. रिस्टोरेशन करतानाच इथेनॉल सोसणारे पाइप आणि सील घाला. गाडी बरेच महिने उभी राहणार असेल तर टाकीत जुनं पेट्रोल ठेवू नका.

फसवणूक कशी ओळखाल?

सुंदर जुनी गाडी, आजारी मुलाचा फोटो आणि एक क्यूआर कोड. एवढं एकत्र दिसलं की पटकन पैसे पाठवावेसे वाटतात. थांबा आणि हे तपासा:

1. संस्थेचं नाव लिहिलंय का? ‘गरजू मुलांसाठी’ हे नाव नव्हे. महाराष्ट्रातली विश्वस्त संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असते. इंग्लंड-वेल्समधल्या संस्था तिथल्या चॅरिटी कमिशनच्या वेबसाइटवर शोधता येतात.
2. संस्थेला स्वतः फोन करा. नंबर पोस्टमधून घेऊ नका, संस्थेच्या वेबसाइटवरून घ्या. ‘हा प्रकल्प तुमच्यासाठी आहे का?’ एवढंच विचारा.
3. यूपीआय स्कॅन केल्यावर दिसणारं नाव संस्थेचं आहे की कुणा व्यक्तीचं?
4. ‘बक्षीस मिळवायला पिन टाका’ म्हटलं की ती फसवणूकच. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही.
5. कामाचे फोटो वेगवेगळ्या तारखांचे आहेत का? एक फोटो रिव्हर्स इमेज सर्चमध्ये टाकून बघा. चोरलेला असेल तर मूळ जागा सापडू शकते.
6. किती टक्के रक्कम संस्थेला जाणार, हे लेखी आहे का?

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मला गाडीतलं काही येत नाही, मी काय करू शकतो?
नोंदी, फोटो, हिशोबाची शीट, व्हिडिओ आणि भाग साफ करणं. पहिल्या वर्षी बहुतेक जण हेच करतात आणि हळूहळू पाना हातात येतो.

एवढ्या कामाला किती वेळ लागतो?
फक्त सुट्टीच्या दिवशी काम केलं तर वर्ष-दोन वर्षं धरा. पत्र्याचं काम जितकं जास्त, तितका वेळ जास्त.

गाडीत इलेक्ट्रिक मोटर बसवली तर?
तांत्रिकदृष्ट्या होतं, पण ते रिस्टोरेशन राहत नाही. भारतात असा मोठा बदल केल्यावर ‘व्हीए’ नोंदणी मिळणं कठीण होईल.

देणगीवर करात सवलत मिळते का?
संस्थेकडे ‘८०जी’ म्हणून ओळखली जाणारी मान्यता असेल, तरच. २,००० रुपयांहून जास्त रोख देणगीला सवलत नाही, म्हणून ऑनलाइन द्या आणि पावती घ्या. लिलावात गाडी विकत घेणं ही देणगी नाही, ती खरेदी आहे.

थोडक्यात

क्लबने मिळून गाडी उभी करणं म्हणजे तीन कामं एकदम करणं: एक यंत्र वाचवणं, एक कसब पुढच्या हातात देणं आणि कुणाला तरी मदत करणं. तिन्ही जमायला नोंद, हिशोब आणि सुरक्षितता लागते. तुमच्या गल्लीत किंवा गावच्या वाड्यात ताडपत्रीखाली झाकलेली एखादी फिएट असेल, तर आज एवढंच करा: मालकाला विचारून तिच्या चॅसिस नंबरचा आणि आरसीचा फोटो काढून ठेवा, आणि ती शेवटची कुणी दुरुस्त केली होती हे विचारून घ्या. त्या मेकॅनिककाकांचा नंबर मिळाला तर अर्धं काम झालं समजा.